थोड्या पाण्यातील जपानी बाग

अंबड तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई नवीन नाही. २०१२ सालच्या अवर्षणात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा वाळून गेल्या. अशा भागात शाळेपुढे किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यापुढे हिरवळ राखण्याचा हट्ट धरणे योग्य नव्हे. पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानी धर्तीचे आहे. परंतु त्यात पाणी खेळविलेले असल्याने येथे त्याचे अनुकरण करता येणार नाही. जपानातच कोरड्या बागेचीही परंपरा आहे. तिला ‘करेसान्सुई’ म्हणतात. तीत पाण्याच्या जागी खडी पसरतात व तीवर रेघा ओढून लाटांचा भास निर्माण करतात. क्योतो येथील रिओआनजी मंदिराच्या बागेत १५ दगड आहेत. ओसरीवर कोठेही बसले तरी त्यांपैकी एखादा दृष्टीआड राहतोच. तेथे दगडांभोवती शेवाळ असते. अंबडच्या उन्हात ते तगणार नाही. म्हणून त्याऐवजी मांसल पानांच्या वनस्पती घ्याव्यात. या वनस्पतींची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसा पाणी फारसे उडून जात नाही.

दोन फूट लांब, दीड फूट रुंद व पाच इंच खोल असे पसरट भांडे पुरे. तळाला भोके अवश्य पाडावीत. या झाडांना तहानेपेक्षा साचलेल्या पाण्याचे भय अधिक. निव्वळ काळ्या मातीत त्यांची मुळे कुजतात. एक भाग माती, दोन भाग जाड वाळू व विटांचा चुरा आणि थोडे कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. काळ्या पाषाणाचे तीन दगड निवडून त्यांचा तिसरा हिस्सा मातीत पुरावा. नुसते वर ठेवलेले दगड उपरे दिसतात. मत्स्योदरी देवीची टेकडी माशाच्या आकाराची मानली जाते. तशा घडणीचा एखादा आडवा दगड मिळाल्यास उत्तमच. मात्र तो टेकडीवरून उचलू नये. कोरफडीचे एक पिल्लू व पानफुटीची दोन रोपे दगडांच्या कडेला लावावीत. गर्दी करू नये. उरलेल्या जागेत धुतलेली बारीक खडी पसरून लहानशा लाकडी दंताळ्याने रेघा ओढाव्यात. खडीत भुकटी राहिल्यास पाण्याने थर घट्ट बसतो व रेघ उमटत नाही.

उन्हाळ्यात माती पूर्ण वाळल्यावरच, साधारण दहा-बारा दिवसांनी, पाणी द्यावे. पावसाळ्यात भांडे वळचणीच्या आत घ्यावे. पानफुटी गुरांना विषारी आहे. म्हणून भांडे शेळ्या-वासरांचे तोंड पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावे.