लॅपटॉप सोबत, परवाना कुठे?

गेल्या वर्षी जूनमध्ये माझी पुतणी धरमपेठेतल्या माझ्या कार्यालयात आली. मिहानमधल्या एका कंपनीत तिची आठ वर्षं नोकरी झालेली. नवरा एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेला निघालेला, ती त्याच्यासोबत एच-फोरवर. "काका, आमचे साहेब म्हणतात तिकडूनच काम कर, पगार नागपूरच्याच खात्यात येईल. मग अडचण काय?"

तीस वर्षं करसल्लागार असूनही मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. तिच्या एका प्रश्नात तीन प्रश्न होते: राहण्याचा, कामाचा आणि कराचा. लोक हे तिन्ही एकच समजतात आणि तिथेच फसतात.

व्हिसा राहू देतो. काम करू देईलच असं नाही. एच-फोरधारकाला अमेरिकेत काम करायचं तर वेगळा परवाना लागतो. तो २०१५ पासून मिळू लागला, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल तरच. पगार भारतातून येतो, हा बचाव फारसा टिकत नाही. काम करणारा माणूस कुठे बसला आहे, हे पाहिलं जातं. प्रत्येक देशाचा नियम मात्र निराळा. जर्मनीत जोडीदाराच्या निवास परवान्यातच नोकरीची मुभा असते. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्यांनाही आपलं मायदेशातलं काम लॅपटॉपवर करू दिलं आहे, फक्त तो प्रवासाचा मुख्य हेतू नसावा. थायलंडने २०२४ मध्ये अशा लोकांसाठी पाच वर्षांचा खास व्हिसाच काढला.

आता कर. आपल्याकडे माणूस करासाठी 'निवासी' आहे की नाही, हे नागरिकत्वावर नव्हे, प्रामुख्याने दिवसांवर ठरतं. एका आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात तर निवासी. मात्र आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस इथे काढले असतील, तर ६० दिवसही पुरतात. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या नागरिकाला या साठ दिवसांच्या अटीतून सूट आहे.

दोघं १५ ऑगस्टला निघणार होती. १ एप्रिलपासून १३७ दिवस झाले. नवरा नोकरीसाठी जातोय, म्हणून तो त्या वर्षी अनिवासी. पुतणी आश्रित म्हणून जातेय. तिला ती सूट मिळणं कठीण, म्हणून ती निवासी. विमान एक, तारीख एक, पण कायद्याच्या नजरेत दोघं दोन वेगळ्या जागी. निवासी म्हटलं की जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र.

पुढच्या वर्षी ती अनिवासी झाली तरी सुटका नाही. पगार भारतातल्या खात्यात थेट मिळाला, तर तो 'भारतात मिळालेलं उत्पन्न' ठरतो. दुसरीकडे, काम अमेरिकेच्या भूमीवर झालं म्हणून अमेरिकाही त्यावर कर मागते. दुहेरी कर टाळण्याचा भारत-अमेरिका करार १९८९ चा आहे. पण त्याचा लाभ घ्यायचा तर तिथल्या कर खात्याचं निवासी प्रमाणपत्र हवं, आणि तिथल्या विवरणपत्रात तो पगार दाखवायला हवा. म्हणजे कराची सवलत मागणारा कागदच विनापरवाना कामाचा पुरावा!

कंपनीलाही धोका असतो. कर्मचारी परदेशात बसून करार ठरवू लागला, तर तिथे कंपनीचा कायम व्यवसाय आहे असं मानून नफ्यावर कर लागू शकतो. म्हणून मी तिला एकच सांगितलं: "साहेबांचं तोंडी 'हो' पुरेसं नाही. मनुष्यबळ विभागाला लेखी विचार."

लेखी उत्तर आलं: नाही. तिने राजीनामा दिला. तिच्या आईने मला चार दिवस फोन केला नाही. मलाही वाईट वाटलं. आठ वर्षांची नोकरी काही लहान गोष्ट नाही.

या दिवाळीला तिचा फोन आला. परवान्याचा अर्ज अजून दूर आहे, तोवर ती शिकते आहे. म्हणाली, "काका, इथे माझ्यासारख्या दोघी गुपचूप काम करतात. दारावरची बेल वाजली की लॅपटॉप मिटतात."

तिचा लॅपटॉप बोलताना उघडाच होता.