छायाचित्रांतील तीव्र छायांचे मृदूकरण : तंत्र, उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापन आणि संशोधन यांत छायाचित्राचे स्थान आता केवळ सजावटीचे राहिलेले नाही. वनस्पतिशास्त्राच्या क्षेत्रभेटीत टिपलेली वनस्पती, इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविलेला वीरगळ किंवा भूगोलाच्या सर्वेक्षणातील नदीपात्र यांची छायाचित्रे शोधनिबंधात पुरावा म्हणून दिली जातात. क्षेत्रकार्य बहुधा भर दिवसा पार पडत असल्यामुळे अशा अनेक छायाचित्रांत काळ्याभोर छाया पडतात. वीरगळाचा एक कप्पा स्पष्ट दिसतो, तर त्याखालचा कप्पा अंधारात जातो. प्रतिमा-संपादन प्रणालीच्या साहाय्याने अशा छाया सौम्य करता येतात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेमागील तत्त्व, तिची कार्यपद्धती आणि मर्यादा यांचे विवेचन करण्यात आले आहे. छाया सौम्य करताना छायाचित्रातील दडलेली माहिती उजेडात येते, की तेथे नसलेली माहिती निर्माण होते, हा या विवेचनाच्या केंद्रस्थानी असलेला प्रश्न आहे.

तीव्र छायेचे स्वरूप आणि कारणे :

छायेची तीव्रता दोन घटकांवर अवलंबून असते. पहिला घटक म्हणजे छायेची कडा. प्रकाशस्रोत जितका लहान दिसतो, तितकी कडा रेखीव होते. पृथ्वीवरून सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाएवढे दिसते. त्यामुळे भिंतीपासून १ मीटर अंतरावर असलेल्या वस्तूच्या छायेभोवती उपच्छायेचा पट्टा जेमतेम ९ मिलिमीटर रुंद असतो. आकाश ढगांनी आच्छादलेले असताना संपूर्ण आकाश हाच प्रकाशस्रोत बनतो. उपच्छाया विस्तारते आणि छाया जवळजवळ विरून जाते.

दुसरा घटक म्हणजे छायेची गडदता. निरभ्र दिवशी दुपारच्या थेट उन्हात प्रकाशाची पातळी सुमारे १,००,००० लक्स असते. त्याच ठिकाणी सावलीत ती साधारणतः १०,००० ते २०,००० लक्स इतकी राहते. डोळा आणि मेंदू हा फरक सहज सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला तो एकाच एक्स्पोजरमध्ये सामावून घ्यावा लागतो. शिवाय मोकळ्या जागेतील सावलीत पोहोचणारा प्रकाश मुख्यतः निळ्या आकाशाचा असल्यामुळे छायेत निळसर झाक असते. छाया गडद असेपर्यंत ही झाक जाणवत नाही. ती उजळताच ठळक होते.

कॅमेरा काय नोंदवितो :

संपादन प्रणाली छायेत प्रकाश टाकत नाही. कॅमेऱ्याने त्या भागात नोंदविलेल्या संख्या ती वाढवून दाखविते. म्हणूनच मूळ नोंद किती समृद्ध आहे, यावर सर्व काही अवलंबून असते. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी ४,०९६ पातळ्या उपलब्ध असतात. परंतु त्यांचे वाटप समान नसते. सर्वांत उजळ टप्प्याला २,०४८ पातळ्या मिळतात, आणि पुढील प्रत्येक टप्प्यावर प्रकाश निम्मा होत जातो तशा त्या १,०२४, ५१२, २५६ अशा घटत जातात. पाचव्या टप्प्यावर केवळ १२८ पातळ्या उरतात. गडद छाया नेमकी याच तळच्या टप्प्यांत साठविलेली असते.

प्रकाशकणांच्या संख्येमुळेही मर्यादा पडते. एखाद्या बिंदूवर १०,००० प्रकाशकण पडले, तर त्यांच्या गणनेतील स्वाभाविक चढउतार सुमारे १००, म्हणजे १ टक्का असतो. केवळ १०० प्रकाशकण पडले, तर तो १० म्हणजे १० टक्के होतो. छाया उजळल्यावर दिसू लागणारे ठिपके प्रामुख्याने याच चढउताराचे असतात. जेपीईजी फाइलमध्ये रंगाच्या प्रत्येक घटकासाठी २५६च पातळ्या असतात आणि प्रतिमा ८×८ बिंदूंच्या चौकटींत संक्षिप्त केलेली असते. त्यामुळे छाया फार उजळल्यास या चौकटीही उघड्या पडतात. जेथे नोंद शून्यावर पोहोचली आहे, तेथे कोणतीही प्रणाली मूळ तपशील परत आणू शकत नाही.

कार्यपद्धती :

१. मूळ फाइल अबाधित ठेवून तिच्या प्रतीवर काम करावे. शक्य असल्यास रॉ फाइल वापरावी आणि पुढील काम १६ बिटच्या टिफ स्वरूपात करावे.

२. प्रथम हिस्टोग्राम पाहावा. आलेख डाव्या कडेला चिकटून तुटलेला असल्यास त्या भागातील तपशील नोंदविलाच गेलेला नाही, असे समजावे.

३. फोटोशॉपमध्ये २००३ सालच्या सीएस आवृत्तीपासून छाया आणि उजळ भाग स्वतंत्रपणे बदलण्याची आज्ञा उपलब्ध आहे. विनामूल्य मिळणाऱ्या गिंप प्रणालीत २०१८ सालच्या २.१० आवृत्तीपासून तशीच सोय आहे. फोटोशॉपमध्ये यासाठी तीन मूल्ये ठरवावी लागतात : उजळण्याचे प्रमाण, किती गडद भागाला छाया मानावे याची मर्यादा आणि रेडियस. एखादा बिंदू छायेत आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी प्रणालीने त्याच्या सभोवतालचा किती परिसर विचारात घ्यावा, हे रेडियसने ठरते.

४. एकाच भागातील छाया सौम्य करावयाची असल्यास कर्व्हजचा स्वतंत्र लेयर घेऊन त्यावर मास्क लावावा. मास्कची कडा छायेच्या उपच्छायेइतकीच मऊ ठेवावी. कडा याहून रेखीव राहिल्यास छायेच्या सीमेवर रेघ उमटते. अधिक मऊ झाल्यास लगतचा उजळ भाग फिकट होतो.

५. उजळलेल्या भागातील निळसर झाक त्याच मास्कच्या आधारे दूर करावी. संपूर्ण चित्राचा रंगसमतोल बदलू नये.

६. शेवटी लेयरची तीव्रता काहीशी कमी करावी. छाया पूर्णपणे नाहीशी झाल्यास वस्तू जमिनीवर टेकलेली न वाटता तरंगत असल्यासारखी दिसते. व्यक्तिचित्रात डोळ्यांखालची छाया उजळताना त्वचेचा मूळ वर्ण बदलणार नाही, याचीही दक्षता घेणे आवश्यक ठरते.

छाया हाच पुरावा असतो तेव्हा :

वरील पद्धती सर्व छायाचित्रांना सारख्याच लागू पडतात, असे मानणे धोक्याचे आहे. कोरीव लेखाच्या छायाचित्रात अक्षर दिसते ते रंगामुळे नव्हे, तर छायेमुळे. दगड आणि अक्षराची खाच यांचा रंग बहुधा एकच असतो. तिरप्या प्रकाशात खाचेची एक कड उजळते आणि दुसरी काळवंडते, म्हणून अक्षर वाचता येते. नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखांसारखे झिजलेले लेख वाचताना एखादी मात्रा आहे की दगडाचा टवका उडालेला आहे, याचा निर्णय अशाच सूक्ष्म छायांवर अवलंबून राहतो.

या ठिकाणी रेडियसचे मूल्य निर्णायक ठरते. ते अक्षराच्या रेषेच्या रुंदीपेक्षा कमी ठेवल्यास प्रणाली प्रत्येक खाचेलाच छाया समजून उजळते, आणि चित्र सुरेख, समप्रकाशित, पण वाचण्यास निरुपयोगी होते. तेच मूल्य अक्षरांच्या आकारापेक्षा बरेच मोठे ठेवल्यास छताची किंवा झाडाची मोठी छाया उजळते आणि खाचांतील बारीक छाया टिकून राहतात. म्हणजेच छायाचित्रातील कोणती छाया अडथळा आहे आणि कोणती माहिती आहे, हे प्रणाली ठरवू शकत नाही; ते विषयाच्या अभ्यासकालाच ठरवावे लागते.

अशा वस्तूंसाठी अधिक विश्वसनीय उपाय चित्रीकरणाच्या वेळीच योजता येतो. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून विजेरीचा तिरपा प्रकाश क्रमाने चारही बाजूंनी टाकावा आणि प्रत्येक वेळी स्वतंत्र छायाचित्र घ्यावे. एका चित्रात छायेत गेलेली कड दुसऱ्या चित्रात उजळते. याच तत्त्वावर टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतून एक संगणकीय पद्धती मांडली. अनेक दिशांच्या प्रकाशातील चित्रांवरून पृष्ठभागाचा उंचसखलपणा पडद्यावर हवा तसा उजळून पाहण्याची सोय तीत आहे. वनस्पतीसारख्या विषयांसाठी मात्र उन्हासमोर पातळ पांढरे कापड धरणे किंवा पांढऱ्या पुठ्ठ्याने प्रकाश परावर्तित करणे पुरेसे ठरते.

शैक्षणिक प्रामाणिकपणाचा प्रश्न :

माइक रॉसनर आणि केनेथ यामादा यांनी २००४ साली ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकात वैज्ञानिक प्रतिमांतील फेरफारांची चर्चा केली. उजळपणा किंवा विरोधाभास यांतील बदल संपूर्ण प्रतिमेला सारखाच लागू केलेला असावा, त्यामुळे मूळ माहिती झाकली जाऊ नये, आणि पातळ्यांचे परस्पर प्रमाण बदलणारी प्रक्रिया केली असल्यास ती चित्राखाली नमूद करावी, अशी त्यांची भूमिका होती. छायांचे मृदूकरण ही स्वभावतःच अशी प्रक्रिया आहे. ती गडद भाग बदलते आणि उजळ भाग तसाच ठेवते. त्यामुळे पुरावा म्हणून दिलेल्या चित्राखाली तिचा उल्लेख असणे अगत्याचे आहे.

२०२३ सालापासून फोटोशॉपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्राचा निवडलेला भाग नव्याने भरून काढण्याची सोय उपलब्ध झाली. ही प्रक्रिया छाया उजळण्याहून तत्त्वतः वेगळी आहे. अंधारात हरवलेल्या भागाच्या जागी ती इतर असंख्य चित्रांवरून संभाव्य वाटणारा पृष्ठभाग रचते. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर ते कदाचित खपून जाईल. शिलालेखाच्या बाबतीत मात्र कधीच कोरले न गेलेले अक्षर त्यातून वाचनात शिरू शकते, आणि एकदा प्रसिद्ध झालेले वाचन पुढील लेखांत उद्धृत होत राहते.

निष्कर्ष :

तीव्र छायांचे मृदूकरण ही उपयुक्त आणि थोड्या सरावाने साध्य होणारी प्रक्रिया आहे. तिचे यश प्रणालीच्या किमतीपेक्षा मूळ नोंदीच्या गुणवत्तेवर अधिक अवलंबून असते. नोंदविलेले तपशील दृश्यमान करणे हे संपादन होय. न नोंदविलेले तपशील भरणे ही निर्मिती होय, आणि संशोधनात या दोहोंची सरमिसळ होता कामा नये. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही मूळ फाइल जतन करणे, केलेल्या बदलांची चित्राखाली एका ओळीत नोंद देणे आणि विषयानुसार कोणती छाया राखावयाची हे आधी ठरविणे, हे तीन नियम पाळले गेल्यास छायाचित्राची पुरावा म्हणून असलेली विश्वासार्हता टिकून राहील.