सिस्टर, घरी तर बीपी नॉर्मल असतं!

हे वाक्य मला ओपीडीत रोज ऐकायला मिळतं. आजी खोटं बोलत नसतात आणि मशीनही बिघडलेलं नसतं. दवाखान्यात शिरताच शरीर बुजतं, एवढंच.

हृदयाला एकटं सोडलं, तर ते मिनिटाला १००च्या आसपास ठोके देईल. बसल्या जागी ते ७०वर राहतात, कारण मेंदूतून निघून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नस त्याचा लगाम धरून असते. धोका जाणवला की आधी हा लगाम सैल पडतो. मग मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात, रक्तवाहिन्या आवळतात, तोंड सुकतं. पोटाचं काम तर थांबतंच. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक्स-रेखाली हे पाहिलं होतं : मांजर बिथरलं की त्याच्या जठराची हालचाल बंद! परीक्षेच्या सकाळी पोहे घशाखाली उतरत नाहीत, ते उगाच नाही.

१९८३ मध्ये मिलानच्या जुझेप्पे मांचा यांनी रुग्णांच्या धमनीत नळी ठेवून चोवीस तास रक्तदाब नोंदवला. डॉक्टर खोलीत आले की वरचा आकडा सरासरी २७ने चढायचा आणि भेट संपेपर्यंत बराचसा उतरायचा. पुढे त्यांनी डॉक्टरांऐवजी नर्सला पाठवून पाहिलं, तर वाढ जवळपास निम्मीच. हे वाचून झालेला आनंद मी आमच्या डॉक्टरांपासून लपवला नाही.

“घाबरू नका” म्हणून उपयोग नसतो. ही यंत्रणा आपला हुकूम मानत नाही. श्वास मात्र आपल्या हातात असतो. श्वास सोडताना व्हेगसचा जोर वाढतो, ठोके मंदावतात. म्हणून मी पेशंटला पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं नुसतं बसवते. श्वास हळूहळू, लांबवत सोडायला सांगते. गप्पा बंद, कारण बोलण्यानंही आकडा चढतो. सुनेबद्दल असेल तर विचारूच नका.

तरीही ‘दवाखान्यातलं बीपी’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. अशा माणसांना पुढे कायमचा उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता जास्त असते. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वहीत लिहून आणा, असं आम्ही सांगतो. त्यातले पहिल्या दिवसाचे आकडे डॉक्टर सोडून देतात. नव्या मशीनला शरीर घरातसुद्धा बुजतं.