सरकार नावाचे गिऱ्हाईक

संसारी माणसाला खरेदीचे शास्त्र शिकवावे लागत नाही. मंडईत वांगी घ्यायला गेलेली गृहिणी दोन-तीन ठिकाणी भाव विचारते, वांगे बोटांनी दाबून पाहते, कीड तर नाही ना म्हणून देठापाशी नजर टाकते, आणि शेवटी चार पैसे जास्त देऊनसुद्धा ओळखीच्या भाजीवालीकडूनच पिशवी भरून आणते. ‘सर्वांत स्वस्त वांगी का आणली नाहीत?’ असा खुलासा तिला घरी कोणी मागत नाही. पैसा घरचा, वांगी घरची आणि पानात पडणारे भरीतही घरचेच!

पण हीच खरेदी चाळीच्या गणेशोत्सवासाठी करायची म्हटली, की चित्र पालटते. तेथे वर्गणीदारांचा पैसा असतो. मग पावती लागते, तीन दुकानांचे भाव लागतात, आणि महाग वस्तू आणली असेल तर ‘त्या दुकानदाराशी तुमचे काय नाते?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. सरकार हे असेच दुसऱ्याच्या पैशाने बाजारहाट करणारे गिऱ्हाईक आहे. वर्गणीदार सारा देश असल्यामुळे संशयही देशभराचा.

हा संशय काही आजचा नव्हे. सरकारी नोकर कोणकोणत्या मार्गांनी पैसा खातात याचे चाळीस प्रकार कौटिल्याने अर्थशास्त्रात मोजून ठेवले आहेत. आणि आपल्या इतिहासात डोकावले, तर शिवाजी महाराजांचे १६७३ सालचे चिपळूणच्या लष्करी अंमलदारांना लिहिलेले पत्र आहेच. साठवलेली वैरण जपून वापरा, कुणब्याच्या घरातून दाणा, गवत, भाजीपाला उचलू नका, लागेल ते बाजारातून पैसे देऊन विकत घ्या, असा त्यातला हुकुमाचा आशय. सरकारने वस्तू घ्यावी ती रोख दाम मोजून, आणि विकणाऱ्याला पोटाला चिमटा बसू न देता, हे तत्त्व त्यात स्वच्छ सांगितले आहे. या तत्त्वाची आठवण पुढे पुन्हा काढावी लागणार आहे.

आता आजचा सरकारी बाजार कसा चालतो ते पाहू. प्रथम एखादे खाते मागणीपत्र करते. मग निविदा निघते. मोठ्या खरेदीत बहुधा दोन लिफाफे असतात. तांत्रिक लिफाफा आधी उघडतात आणि त्यात जे पात्र ठरतील त्यांचाच दराचा लिफाफा फोडतात. मग तुलनात्मक तक्ता होतो, आणि ज्याचा दर सर्वांत कमी, त्याच्या गळ्यात माळ पडते. कचेरीच्या भाषेत या भाग्यवंताला ‘एल-वन’ म्हणतात. केंद्र सरकारची बरीचशी खरेदी करणारे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय २०१७ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाले. त्याआधीच, २०१६ मध्ये, ‘जेम’ नावाची सरकारी बाजारपेठ संगणकावर सुरू झाली होती. २०२३-२४ या एका वर्षात तेथे ४ लाख कोटी रुपयांहून अधिक उलाढाल झाली. लिफाफा कागदाचा होता तो संगणकात गेला, पण ‘एल-वन’चे राज्य मात्र अबाधित राहिले.

या राज्याचा न्याय वरवर पाहता निर्दोष वाटतो. स्वस्त घेणाऱ्यावर आळ येत नाही. चांगली वस्तू थोडी महाग घेणाऱ्याला मात्र लेखापरीक्षकापुढे उत्तर द्यावे लागते. तेव्हा खुर्चीतला माणूस निर्णय कोणता घेईल, हे सांगायला ज्योतिषी नको. आपण कचेऱ्यांतल्या डुगडुगत्या टेबलांना आणि चार दिवसांत सुकणाऱ्या पेनांना हसतो. पण टेबल निवडणाऱ्याने चोरी केलेली असतेच असे नाही. पुष्कळदा आपल्यावर चोरीचा आळ येऊ नये एवढीच काळजी त्याने घेतलेली असते.

या सर्व व्यवहाराचा अर्थ समजून घ्यायचा, तर पिंपरीसारखे गाव नाही. पुण्याहून मुंबईकडे जाताना लागणाऱ्या या गावात १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला लाभले, आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आसपासचे लोक या कारखान्याला आपुलकीने नुसते ‘एच. ए.’ म्हणतात. फ्लेमिंगने १९२८ मध्ये बुरशीत पाहिलेले हे औषध पंचवीस-तीस वर्षांत आमच्या मावळाच्या वेशीवर तयार व्हावे, ही त्या काळी अभिमानाचीच गोष्ट होती. एवढ्यावरच कारखाना थांबला नाही. एम. जे. तिरुमलाचार यांच्यासारख्या संशोधकांनी येथेच हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले, आणि ते ज्या सूक्ष्म जीवापासून मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ हा शब्द कायमचा जाऊन बसला. गावाचे नाव असे विज्ञानाच्या पोथीत जाण्याचे भाग्य किती गावांना लाभते?

पुढे काळ बदलला. १९९१ नंतर बाजार खुला झाला, परदेशी माल, त्यातही चीनचा, फार कमी दराने येऊ लागला, आणि नव्वदच्या दशकात ही कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली. तिला हात देण्यासाठी सरकारने आपल्या खरेदीचाच उपाय योजला. २००६ मध्ये असे धोरण ठरले, की १०२ औषधे केंद्र व राज्य सरकारांच्या खात्यांनी सार्वजनिक क्षेत्रातील औषध कंपन्यांकडूनच घ्यावीत. २०१३ मध्ये ते १०३ औषधांसाठी पुन्हा चालू करण्यात आले. किंमत कंपनीने मनाला येईल ती लावायची नाही, ती औषध किंमत प्राधिकरणाने ठरवायची, आणि कंपनी माल देऊ शकली नाही तर खात्याला दुसरीकडे जाण्याची मोकळीक, अशीही त्यात सोय होती.

हेतू चांगला होता. परंतु हक्काचे गिऱ्हाईक मिळाले म्हणजे दुकान चालतेच असे नाही. माल वेळेवर द्यायला कच्चा माल लागतो, कच्च्या मालाला भांडवल लागते, आणि भांडवल तर आटलेले. शेवटी २०१६ च्या डिसेंबरात मंत्रिमंडळाने कंपनीची जादा जमीन विकून देणी भागवावीत आणि पुढे कंपनीच विक्रीस काढावी, असे ठरवले. २०१९ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससह तीन सरकारी औषध कंपन्यांच्या थकलेल्या पगारांसाठी व स्वेच्छानिवृत्तीसाठी सुमारे ३३० कोटी रुपये मंजूर करावे लागले. ज्या घरांत महिना महिना पगाराची वाट पाहिली गेली, त्या घरांना ‘खरेदी धोरण’ या कोरड्या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको.

गोष्टीचे तात्पर्य मात्र पिंपरीपुरते नाही. स्वस्त परदेशी माल घेता घेता पेनिसिलिनचा मूळ कच्चा माल, म्हणजे पेनिसिलिन-जी, देशात बनणेच थांबले. २०२० मध्ये महामारीने जहाजे आणि कारखाने रोखले, तेव्हा ही परावलंबिता एकदम डोळ्यांत भरली. मग औषधांचा कच्चा माल येथेच बनावा म्हणून सरकारने त्याच वर्षी ६,९४० कोटींची उत्तेजन योजना जाहीर केली, आणि २०२४ मध्ये आंध्रातील काकीनाडा येथे एका खाजगी कंपनीचा पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना उभा राहिला. जे १९५५ मध्ये आपल्या अंगणात होते, ते परत आणायला एवढा खर्च! वर्षानुवर्षे ‘एल-वन’ घेऊन वाचवलेल्या पैशांतून हा खर्च वजा केला, तर शिल्लक किती उरते, हे हिशेबी वाचकांनी स्वतःच पाहावे.

याच पट्ट्यात दुसरीही एक बाजू दिसते. भोसरी, चिंचवड, चाकण येथील हजारो लहान कारखानदारांपैकी काहीजण रेल्वेला, संरक्षण खात्याला किंवा सरकारी कंपन्यांना माल देतात. कायदा त्यांच्या बाजूने आहे. २०१२ च्या आदेशाने केंद्रीय खात्यांनी व कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीचा पाचवा हिस्सा लहान उद्योगांकडून घ्यावा असे ठरले, आणि २०१८ मध्ये हा हिस्सा २५ टक्क्यांवर गेला. निविदेची बयाणा रक्कमही त्यांना माफ आहे. मालाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो.

पण समजा, एखाद्याने १० लाखांचा माल दिला, त्यात त्याला ८ टक्के, म्हणजे ८० हजार सुटायचे होते, आणि बिल आठ महिन्यांनी निघाले. माल बनवायला घेतलेल्या कर्जावर १२ टक्के व्याज धरले, तर आठ महिन्यांचे सुमारे ७४ हजार झाले. नफा जवळजवळ सगळा बँकेच्या पदरात! कायद्यातले तिप्पट व्याज मागावे, तर पुढची ऑर्डर त्याच साहेबाच्या हातात. नदीत राहून माशाशी वैर कोण करील? मग पुढच्या निविदेत हा गृहस्थ उशिराचा खर्च आधीच दरात मिसळतो, किंवा मालात काटकसर करतो. म्हणजे उशिराची किंमत शेवटी सरकारच भरते, फक्त ती कोणत्या रकान्यात भरली हे दिसत नाही.

सरकारला हे कळत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१ मध्ये केंद्राने नवे निर्देश काढले. काही कामांत केवळ दर न पाहता गुणवत्तेलाही ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा त्यांत आहे. बांधकामाच्या चालू बिलाची निदान ७५ टक्के रक्कम दहा कामाच्या दिवसांत द्यावी, असेही त्यांत सांगितले आहे. नियम शहाणे आहेत. उणीव आहे ती ते वापरण्याच्या धैर्याची, आणि ते धैर्य कारकुनाला एकट्याने आणता येणार नाही. प्रामाणिकपणे विचार करून, लेखी कारण देऊन चांगली वस्तू घेणाऱ्या अधिकाऱ्याला आपणही चोर ठरवत असू, तर तो पुन्हा त्या वाटेला कशाला जाईल?

म्हणून यापुढे वर्तमानपत्रात एखाद्या खरेदीची बातमी वाचली, की ‘किती रुपयांना घेतले?’ एवढाच प्रश्न विचारून थांबू नये. वस्तू टिकली किती, विकणाऱ्याचे पैसे वेळेवर मिळाले का, आणि ती बनवण्याची विद्या आपल्याकडे राहिली का, हेही विचारावे. मंडईत आपण हे सगळे न सांगता पाहतोच. आपल्याच पैशाने होणाऱ्या या मोठ्या बाजारात ते पाहण्याचा आपला हक्क काही कमी नाही.