पत्राच्या जाळीआडची आई

निर्वासित स्त्रीचे छायाचित्र बहुधा परक्याने टिपलेले असते. छावणी, रांग, कडेवरचे मूल ही त्याची ठरलेली दृश्ये होत. त्यांत चेहरा दिसतो, बोलणे मात्र हरवते. या दृष्टीने मोना हातूम यांची ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’ (१९८८) ही सुमारे १५ मिनिटांची व्हिडिओकृती विचारार्ह आहे.

हातूम यांच्या पॅलेस्टिनी आईवडिलांना १९४८ मध्ये हैफा सोडावे लागले. १९५२ मध्ये बैरुतला मोना जन्मल्या. १९७५ मध्ये त्या लंडनला गेल्या असता लेबनॉनमध्ये यादवी युद्ध भडकले व परतीची वाट बंद झाली. एकाच कुटुंबात ताटातूट अशी दोनदा घडली : आईची मायभूमीपासून आणि मुलीची आईपासून.

कृतीचा पाया स्थिरचित्रांचा आहे. १९८१ च्या बैरुतभेटीत हातूम यांनी स्नान करणाऱ्या आईची छायाचित्रे घेतली. त्यांवर आईच्या पत्रांतील अरबी ओळी पसरल्या आहेत. हातूम त्या पत्रांचा इंग्रजी अनुवाद वाचतात. मागे मायलेकींचा अरबी संवाद आणि हसणे चालू असते. पत्रांत युद्धाची झळ आहे, दुरावलेल्या लेकीची ओढ आहे, स्त्रीदेहाविषयीचे मोकळे बोलणे आहे आणि या छायाचित्रांमुळे वडिलांना आलेला रागही आहे. अखेरच्या पत्रातून कळते, की बाँबस्फोटाने टपाल कचेरी उद्ध्वस्त झाली असून पत्रे धाडण्याचा मार्गच उरलेला नाही.

येथे लिपी दुहेरी काम करते. ती आईला जवळ आणते आणि तिच्या देहावर पडदाही धरते. अरबी न जाणणाऱ्यास ती काटेरी तारेसारखी भासते. जाणणाऱ्याच्या कानी पडणारा मूळ संवाद इंग्रजी वाचनाखाली दबतो. अनुवाद अंतर कमी करतो, तसेच ते मोजूनही दाखवतो.

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकास हा प्रश्न परका नाही. उर्वशी बुटालिया यांनी, तसेच रितू मेनन व कमला भसीन यांनी १९९८ मधील आपापल्या ग्रंथांतून फाळणीग्रस्त स्त्रियांचे कथन पुढे आणले, तेव्हाही ऐकणाऱ्याचा वाटा किती, हे विचारणे प्राप्त होते. हातूम यांच्या कृतीतही पत्रांची निवड व अनुवाद मुलीचाच आहे. मात्र ही मध्यस्थी त्या लपवीत नाहीत. आईची कहाणी सांगताना ती आपल्यापर्यंत कोणत्या हातांतून आली, हेही प्रेक्षकाला दिसत राहते. या कृतीचा प्रामाणिकपणा त्यातच आहे.