जुना बॉयलर बदलताना

इंग्लंडमध्ये जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे पहिल्याच हिवाळ्यात प्रश्न उभा राहतो: गॅसचा जुना बॉयलर चालवत राहायचा की बदलायचा? धुरातल्या वाफेची उष्णताही परत मिळवणारे कंडेन्सिंग बॉयलर तिथे 2005 पासून जवळपास सक्तीचे झाले. त्याआधीचे बॉयलर बरीच उष्णता धुराड्यातून बाहेर घालवतात.

पण पहिला पैसा बॉयलरवर खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे. आधी माळ्यावर 270 मिलिमीटर जाडीचे इन्सुलेशन घालावे, दारा-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. ऊब घरात टिकली की लहान, स्वस्त यंत्रावर भागते.

मग हीट पंपाचा विचार. तो बाहेरच्या गार हवेतली उष्णता आत ओढून आणतो, त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. मात्र तिथे वीज गॅसपेक्षा कितीतरी महाग असल्याने बिल आपोआप निम्मे होत नाही. पाणीही कमी तापते, म्हणून काही रेडिएटर मोठे घ्यावे लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’खाली सरकारने 2023 मध्ये अनुदान 7,500 पौंडांपर्यंत वाढवले. अर्ज पंप बसवणारा कंत्राटदारच करतो आणि रक्कम बिलातून वजा होते.

तरीही परवडत नसेल, तर नवा कंडेन्सिंग बॉयलर घ्यावा. गॅसचे काम मात्र ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या कारागिराकडूनच करून घ्या आणि त्याचे ओळखपत्र आधी तपासा.