सही करण्याआधी : ब्रिटनीच्या ॲनची गोष्ट



गेल्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी पिशवीतून कागद काढला. हक्कसोडपत्र होतं. "भाऊ म्हणतो, नुसती सही कर. करू का?" बचतीचा हिशोब बाजूला राहिला आणि त्यावरच बोलणं रंगलं. तेव्हा आम्हाला पाचशे वर्षांपूर्वीची एक बाई आठवली. तिची गोष्ट आज सांगतो.

फ्रान्सच्या वायव्येला समुद्रात शिरलेला ब्रिटनी नावाचा मुलूख आहे. तेव्हा त्याचा कारभार वेगळा होता. तिथल्या सत्ताधीशाला ड्यूक म्हणत, आणि बाई गादीवर बसली तर तिला डचेस. ॲन १४७७ साली नांत शहरात जन्मली. वडिलांना औरस मुलगा नव्हता, दोन मुलीच. १४८८ मध्ये ते फ्रान्सशी लढाई हरले. तहात त्यांना लिहून द्यावं लागलं, की फ्रान्सच्या राजाला विचारल्याशिवाय मुलींची लग्नं करणार नाही. काही दिवसांतच ते वारले. अकरा वर्षांची ॲन गादीवर आली.

मुलूख वाचवायचा तर जोरदार पाठीराखा हवा. म्हणून १४९० मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनशी तिचं लग्न लावलं. नवरा आलाच नाही, त्याच्या वतीने दुसराच माणूस उभा राहिला! फ्रान्सच्या राजाला ते लग्न मान्य नव्हतं. त्याच्या फौजेने रेन शहराला वेढा घातला. मॅक्सिमिलियनची मदत वेळेवर पोचली नाही. शेवटी डिसेंबर १४९१ मध्ये चौदा वर्षांच्या ॲनने त्याच राजाशी, आठव्या चार्ल्सशी लग्न केलं.

आता करारनामा ऐका. ब्रिटनीवरचा आपला हक्क तिने नवऱ्याला दिला. शिवाय एक अट होती : मुलगा नसताना राजा वारला, तर ॲनने लग्न करायचं ते पुढच्या राजाशीच. म्हणजे बाई कुठेही गेली तरी मुलूख फ्रान्सच्याच हाती राहावा.

तिची मुलं एकामागून एक गेली. १४९८ मध्ये दाराच्या चौकटीला डोकं आपटून चार्ल्सही वारला. ॲन तेव्हा एकवीस वर्षांची होती. पण ती नुसती रडत बसली नाही. ब्रिटनीचा कारभार तिने पुन्हा हातात घेतला, जुनी कचेरी सुरू केली, स्वतःच्या नावाचं सोन्याचं नाणं पाडलं. नवा राजा बारावा लुई याच्याशी लग्न करावंच लागलं, पण या वेळी अटी वेगळ्या होत्या. जानेवारी १४९९ च्या करारात ठरलं, की ब्रिटनी फ्रान्सच्या गादीत मिसळायची नाही, ती दुसऱ्या अपत्याला जाईल, मग तो मुलगा असो वा मुलगी. तिथल्या लोकांचे जुने हक्क राहतील, आणि त्यांच्या सभेच्या संमतीशिवाय नवा कर बसणार नाही.

बाई तीच, मुलूखही तोच. पहिल्या वेळी वेढ्यात अडकून सही केली. दुसऱ्या वेळी कारभार आधी हातात घेतला, मग बोलणी केली.

जानेवारी १५१४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ॲन गेली. मागे दोन मुली राहिल्या. करारानुसार ब्रिटनी धाकट्या रेनेला मिळायची होती. पण ती थोरल्या क्लोदकडे, म्हणजे पर्यायाने तिच्या नवऱ्याकडे, फ्रान्सच्या नव्या राजाकडे गेली. १५३२ मध्ये ब्रिटनी फ्रान्सला कायमची जोडली गेली. कागद चांगला होता, पण त्याच्या पाठीशी उभं राहणारं कोणी उरलं नव्हतं.

म्हणून आम्ही त्या ताईंना दोन गोष्टी सांगितल्या. एक, घाईत सही नको. कागद कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. तालुक्याच्या विधी सेवा समितीत बायकांना वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, तिथे दाखवा. दुसरी, एकट्या जाऊ नका. हक्क ठेवायचा की भावाला द्यायचा, हे ताई ठरवतील. पण समजून ठरवतील.

पुढच्या सोमवारी आमच्यातल्या दोघी त्यांच्याबरोबर तालुक्याला जाणार आहोत. तुमच्या गटात असा कागद आला तर तुम्हीही सोबत जा.